बुटातली बोटं

सोमवारी सकाळी रेश्मानं पोरींना 'सावधान' म्हटलं आणि पुढचा शब्द तिला आठवेना. शब्द काही अवघड नव्हता, शाळेतल्या लेकरालासुद्धा येतो. सावधाननंतर विश्राम. एवढी वर्षं ती तेच म्हणत आली होती. झोपेतसुद्धा म्हणते, असं तिचा नवरा विश्वजित चारचौघांत हसत हसत सांगायचा. पण त्या सकाळी माधवनगरच्या बंद गिरणीमागच्या मैदानात, धावून धावून तोंडं लाल झालेल्या पोरींच्या रांगांपुढं ती उभी राहिली, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, सगळं जिथल्या तिथं, आणि जिभेवर काहीच येईना. आता आपण काहीतरी म्हणायचं असतं एवढं तिला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. गोळाफेकीच्या रिंगणात एक साळुंकी उतरली, दोन पावलं चालली, उडाली. गिरणीच्या भिंतीवर जुन्या रंगात कापडाची जाहिरात होती, तिची निम्मी अक्षरं उडालेली. उरलेली निम्मी रेश्मा वाचत राहिली. पोरी उभ्याच. हुकूम सुटल्याशिवाय माशीसुद्धा हाकलायची नाही हे तिनंच त्यांच्या हाडीमाशी भिनवलेलं, तेव्हा कोण कशाला हलतंय. ऊन धुराड्यावरून खाली उतरलं आणि पोरींच्या कपाळावर आलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दुसऱ्या रांगेतली अंकिता, कवठे महांकाळकडची, धनगराची हडकुळी पोर, उभ्याची तशीच पुढं तोंडावर पडली. हातसुद्धा पुढं केले नाहीत तिनं. हनुवटी फुटली, मातीत रक्त आलं, आणि तरीही रांग हलली नाही.

ऑफिसातून विश्वजित धावत आला तेव्हा कुठं रांग तुटली. अकॅडमी दोघांची. पोलीस भरतीसाठी पोरी तयार करायच्या, पहाटे मैदान, दुपारी लेखीचा वर्ग, संध्याकाळी परत मैदान. मैदान रेश्माचं, बाकी बोलणं-चालणं विश्वजितचं. त्यानं अंकिताला उचललं, रुमाल लावला, गाडी काढली, आणि रेश्मा जिथं होती तिथंच उभी होती. पोरींना वाटलं, मॅडमचं काळीज दगडाचं. खरं काय होतं ते रेश्मालाच माहीत होतं आणि ते तिला पुढं कित्येक दिवस गिळता येईना, थुंकता येईना. पोर पडताना दिसली तेव्हा तिच्या मनात पहिलं जे आलं ती काळजी नव्हती, भीती नव्हती. बरं झालं, असं आलं होतं. चला, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल आणि हे संपेल. लोकाच्या लेकीचं तोंड फुटतंय आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, म्हणजे आपण कोण झालो, असं तिनं दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःलाच विचारलं. आत अंकिताच्या हनुवटीला टाके घालणं चाललं होतं. ते आटोपल्यावर डॉक्टरांनी रेश्माकडं बघितलं आणि तिच्याच दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब भलताच. झोप किती, जेवण कधी, शेवटची सुट्टी कधी घेतली, असं त्यांनी विचारलं. शेवटच्या प्रश्नाला रेश्मा विचारात पडली, कारण तिला खरोखरच आठवेना. आधी झोपेची गोळी, मग महिनाभर मैदानाकडं फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. विश्वजित म्हणाला, महिनाभर कसं जमेल, भरती तोंडावर आलीय. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून सरळ रेश्माच्या हातात दिली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मैदानाच्या कडेला विश्वजितचा तीन पायांचा स्टँड असायचा, त्यावर मोबाइल. दर सोमवारचं चित्रण व्हायचं आणि त्यातून रील निघायची. त्या सोमवारचं सगळं त्यात उतरलं होतं, रेश्माचा पुतळा झालेला, पोरींच्या रांगा, आणि मधेच कोसळलेली अंकिता. दोन दिवसांनी ती रील फिरायला लागली. खाली ढोल-ताशाचं संगीत आणि वर अक्षरं, 'पोरगी पडली, लाइन पडली नाही. ही आहे रेश्मा मॅडमची शिस्त.' बघता बघता लाखांनी बघितली. तासगावपासून विट्यापर्यंत पोरींच्या बापांचे फोन यायला लागले, आमची पोर तुमच्याकडंच घालायची, तिला असंच कडक करा. विश्वजितनं हे वाईट बुद्धीनं केलं असं म्हणवत नाही. त्याला खरोखरच वाटलं होतं की रेश्मानं पोरींची सहनशक्ती बघायला त्यांना मुद्दाम उभं ठेवलं. त्यानं तिला विचारलंसुद्धा होतं, नवीन काढलंस का हे, भारी आहे. आणि रेश्मानं मान हलवली होती. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाही तिच्यात उरला नव्हता. चूक झाली ती झाली, पण चुकीची आरती व्हायला लागली की माणसानं कुठं तोंड लपवावं.

मिरजेकडून येणाऱ्या पॅसेंजरनं ती माहेरी निघाली, कोरेगावला. स्टेशनवर हळदीचा वास होता. मार्केट यार्डात हळद यायला लागली की सांगलीत तो कुठंही येतो, कपड्यांना, नोटांना, रिक्षाच्या गादीला. या वर्षी हळद आल्याचं तिला त्या फलाटावर कळलं. माधवनगर सोडताना गिरणीचं धुराडं दिसलं, खाली मैदान, आणि मैदानात पळणाऱ्या पोरी. तिची जागा आता एका भरती झालेल्या जुन्या पोरीनं सुट्टीत येऊन घेतली होती. रेश्माचे डोळे आपोआप गुडघ्यांवर गेले. शेवटची पाय घासत पळतेय, तिला ओरडायला हवं. तिनं खिडकीच्या गजावर बोटं आवळली. पळणारी पोर दिसली की तिला स्वतःची आठवण यायची. ती स्वतः भरतीला गेली होती तेव्हा धावण्यात पहिली आली होती, गोळ्यात पहिल्या पाचांत, आणि उंचीच्या पट्टीखाली केसभर कमी पडली. केस दाबून मोजलं, श्वास भरून मोजलं, तरी तेवढीच. त्या दिवसापासून आपण नाही तर दुसऱ्या पोरी, हे तिनं डोक्यात घेतलं आणि मग तिला थांबणं माहीत उरलं नाही. लग्न त्याच नादातून झालं, अकॅडमी त्याच नादातून उभी राहिली. सुरुवातीला पत्र्याची एक खोली होती, पोरींच्या भाकरी ती स्वतः थापायची, आणि ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोला. पुढं बॅच वाढल्या, मग रविवार गेला, मग दिवाळी गेली. मूल झालं नाही, आणि त्यावर दोघांनी बसून दोन शब्द बोलावेत एवढी सवडसुद्धा बॅचमधून निघाली नाही. गाडी नांद्र्याला थांबली तेव्हा समोरच्या बाईनं विचारलं, कुठं निघालाय, माहेरपणाला व्हय? रेश्मा म्हणाली, होय. ते तोंडातून सहज गेलं आणि मग कऱ्हाडपर्यंत ती रडत होती.

तिचे वडील सयाजी हवालदार म्हणजे आबा. बेळगावला नवीन पोरांना कवायत शिकवून शिकवून उस्ताद म्हणून निवृत्त झालेले. आता शेतात ऊस, दारात म्हैस, पण मिशी अजून फौजेत. त्यांच्या घरात दमलो हा शब्द नव्हता. आजारी हा होता, जखमी हा होता, हजर आणि गैरहजर हे होते. आई बनुबाईनं लेकीचं तोंड दारातच बघितलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो टाकताना तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरला. आबांनी मात्र खिशातून मोबाइल काढला. रील त्यांच्यापर्यंत आली होती. गावातल्या हॉटेलात, सोसायटीत, दूध डेअरीवर, सगळ्यांना त्यांनी ती दाखवली होती. लोक म्हणाले होते, लेक कुणाची. आबांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्या एका थापेसाठी रेश्मा लहानपणी तळ्याला तीन-तीन फेऱ्या मारायची. आता ती थाप पडली, आणि आत काहीच वाजलं नाही. किती दिवस सुट्टी, आबांनी विचारलं. महिना म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी आली. महिना लय झाला, म्हणाले, आठ दिसांत हजर व्हायला पायजे. बनुबाई चुलीकडून म्हणाली, "झोपू द्या तिला. ती फौजेत न्हाई, माहेराला आलीया."

झोपायचं म्हणजे काय सोपं असतं होय. गोळी घेऊन ती झोपायची आणि पहाटे चारला तिचे डोळे टक्क उघडायचे, हात उशाला शिट्टी शोधायचा. मग घरातच तिची कवायत सुरू. गोठा झाड, भांडी घास, धुतलेलं परत धू. बनुबाईनं वाळत घातलेल्या मिरच्या तिनं रांगेत लावल्या. आई बघत राहिली आणि संध्याकाळी मुकाट्यानं तिनं त्या सगळ्या एकत्र करून डब्यात भरल्या. जरा बसलं की छातीत धडधड. फोन वाजला की ती तो उशीखाली सारायची, आणि नाही वाजला की काढून बघायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती जी झोपली ती दुपारी जेवायलासुद्धा उठली नाही, मग संध्याकाळी उठली आणि आईनं कालवलेला दूध-भात पाटावर बसून लहान पोरासारखा खाल्ला. नंतर आठवडाभर ती नुसती झोपत होती. आबा तिच्या खाटेशेजारून जाताना घसा खाकरायचे. एकदा बनुबाईनं त्यांना अंगणात गाठून काय सुनावलं ते रेश्माला ऐकू आलं नाही, पण त्या दिवसापासून आबा चपला हातात घेऊन जायला लागले. बरं होणं म्हणजे रोज थोडं थोडं चढत जाणं, असं तिला वाटलं होतं. तसं काही नसतं. दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी वेणी घालायचंसुद्धा जिवावर यायचं. पण ती हटणारी बाई नव्हती. तिनं मनाशी पक्कं केलं की पळायला शिकलो तसं बसायलाही शिकायचं, आणि शिकणं तर आपल्याला येतं. सकाळी उंबऱ्यावर बसायचं, चहा संपेपर्यंत उठायचं नाही, हा तिचा पहिला धडा. पहिल्या दिवशी निम्म्या चहात उठली. उठली म्हणून स्वतःवर चिडली नाही, परत बसली.

मग एक दिवस आबांना सर्दी-तापानं धरलं आणि उसाला पाणी द्यायची पाळी आली. मोटारीची लाइट त्या आठवड्यात दिवसाची होती. रेश्मा म्हणाली, मी धरते दारं. लागणीचा ऊस अजून गुडघ्याएवढा, सरीच्या पार टोकापर्यंत दिसत होतं. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की खोऱ्यानं तिचं तोंड बांधायचं आणि दुसरीचं फोडायचं, एवढंच काम. पण सरी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तिला शिट्टी मारून चालत नाही. रेश्मानं पहिल्या दोन सऱ्या घाईनं बांधल्या आणि टोकाचा ऊस कोरडा राहिला. तिला संताप आला. पाण्याचा, उन्हाचा, आबांचा, विश्वजितचा, त्या ढोल-ताशाचा. तिनं चपला बांधावर भिरकावल्या, दोन्ही सऱ्या परत फोडल्या आणि गाऱ्यात पाय रोवून उभी राहिली. बघू कोण आधी दमतंय, पाणी का मी. पाणी आपलं मुंगीच्या चालीनं, ढेकळ भिजवत, भेगा भरत, मधेच थांबून बुडबुडे सोडत पुढं चाललं होतं. बघता बघता पायाखालचा गारा मऊ झाला आणि पायाची बोटं आपोआप हलायला लागली. ती रुततात, निघतात, परत रुततात. आणि तिला एकदम शाळेचं पटांगण आठवलं. सव्वीस जानेवारी. आदल्या वर्षी पाहुण्यांच्या भाषणात ती चक्कर येऊन पडली होती आणि पोरं हसली होती, म्हणून त्या वर्षी सुट्टीवर आलेल्या आबांनी तिला अंगणात पांढऱ्या बुटांत उभं केलं होतं. भायेरनं दगड, आबा म्हणाले होते, पर आतनं न्हाई. गुडघा ताठ करायचा न्हाई, जरासा ढिला सोडायचा. आन् बुटातली बोटं सारखी हलवत ऱ्हायची, कुणाला दिसत न्हाई. सायबाला दिसतंय ती सायबाचं, बुटात हाय ती आपलं. त्या सव्वीस जानेवारीला पाहुणे तासभर बोलले आणि रेश्मा हसऱ्या तोंडानं दगड होऊन उभी राहिली होती, आत दहा बोटांचा तिचा खेळ चाललेला. एवढी साधी गोष्ट. ती तिनं पोरींना कधी शिकवली नव्हती. सुरुवातीच्या बॅचला शिकवली असेल, नंतर रीलमध्ये दिसत नाही ते शिकवायचं राहून गेलं. आणि पोरींचं जाऊ दे, तिची स्वतःची बोटं किती वर्षांत हलली होती. सरी भरून वाहायला लागली तेव्हा ती भानावर आली.

त्याच दुपारी तिनं अंकिताला फोन लावला. इतके दिवस लावायचा धीर झाला नव्हता. फोन उचलला तेव्हा मागं कोकरांचा कालवा. अंकिता अकॅडमी सोडून घरी गेली होती. बाप दादासो मेंढरं घेऊन लांब गेलेला, घरी आई हरणाबाई आणि ही. रेश्मानं टाके सुकले का विचारलं. सुकले म्हणाली. मग अंकिता म्हणाली, "मॅडम, मी पडले म्हणून तुमी आजारी पडला व्हय?" अंकिता बोलत राहिली, आता सवयीनं, पाठ केल्यासारखं. सगळ्या उभ्या राहिल्या, आपण एकटीच पडलो, आपल्यात दम नाही. रील गावात सगळ्यांनी बघितली, यात्रेत पोरं हनुवटीला हात लावून दाखवतात. आता भरती नको, बापाबरोबर मेंढरामागं जाते, मेंढरं काही रील काढत नाहीत. ती हसलीसुद्धा. फोन ठेवल्यावर रेश्मा बांधावर बसली, आणि या वेळी बसणं तिला जड गेलं नाही, कारण आता काय करायचं ते तिला लख्ख कळलं होतं. नुसतं बरं होऊन भागणार नव्हतं. बरं होऊन ती त्याच रीलच्या खाली जाऊन उभी राहिली तर सहा महिन्यांत परत जीभ रिकामी होणार होती, आणि परत कुणाची तरी लेक तोंडावर पडणार होती.

पहिलं आबांना सांगायचं होतं, आणि तेच सगळ्यांत कठीण. आबांचा ताप उतरला, ते शेतात आले, पाणी चालू होतं, दोघं बांधावर जेवायला बसली. रेश्मानं भाकरी मोडली पण खाल्ली नाही. ती म्हणाली, "आबा, ती रील खोटी हाय. मी मुद्दाम उभं केलं नव्हतं पोरींना. मला पुढचा हुकूम आठवंना." आबांचा घास हातात राहिला. ती थांबली नाही. पोर पडली तरी आपण हललो नाही, ते शिस्तीनं नव्हे, हलताच येत नव्हतं, असं सगळं तिनं सांगून टाकलं. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला, परत काढला. हॉटेलात, सोसायटीत, डेअरीवर दाखवलेली ती रील त्यांच्या छातीवरच्या खिशात होती. त्यांना आता रागवावं वाटतंय का रडावं, हे रेश्माला त्यांच्या तोंडावरून कळेना. उभ्या आयुष्यात तिनं त्यांना कधी निराश केलं नव्हतं, उंची सोडली तर. ते समोर उसाकडं बघत राहिले आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांदेखत सरी भरली, वरून वाहिली, बांध फुटला, पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरलं. आयुष्यभर वेळेचा काटा धरून जगलेला माणूस, त्याला दिसलंच नाही. रेश्माच खोरं घेऊन पळाली. ती बांध घालून चिखलानं भरून परत आली तेव्हा आबा म्हणाले, "पोरींस्नी बोटं शिकवली न्हाईस?" न्हाई, ती म्हणाली. का, असं त्यांनी विचारलं. "माझीच इसरली होती, आबा." संध्याकाळी ते हॉटेलात गेले आणि जिथं रील दाखवली होती तिथंच चहा पिता पिता सांगून आले, की ती शिस्त नव्हती, पोर आजारी होती आणि आम्हाला कळलं नाही. ते गावातून बनुबाईच्या कानावर आलं. आबांनी घरात त्यातलं अक्षर काढलं नाही.

विश्वजितशी फोनवर बोलताना तिनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, अहो, ती रील काढून टाकायची. तो म्हणाला, निम्म्या ॲडमिशन तिच्यावर आल्यात, हंगाम संपू दे. ती म्हणाली, आणि संध्याकाळचं मैदान मी घेणार नाही, रविवारी अकॅडमी बंद. तो म्हणाला, अशानं बुडेल सगळं. तिला माहीत होतं की तो घाबरलाय, पैशाला नव्हे, थांबायला. रात्री छातीवर मोबाइल ठेवून झोपणारा माणूस तो, मोबाइल थरथरला की छाती थरथरायची. तिला त्याची दया आली, पण दया आली म्हणून ती मागं सरली नाही. ती म्हणाली, "तुम्ही काढा नाहीतर ठेवा. मी सोमवारी पोरींपुढं खरं सांगणार आहे, मग ती रील कुणाच्या उपयोगाची?" मग विश्वजित म्हणाला, "मला आणखी विचारायचं होतं गं त्या दिवशी. पण तू मान हलवलीस आणि मला बरं वाटलं." तिनं त्याला सांगितलं, मलाही तसंच बरं वाटलं होतं, अंकिता पडली तेव्हा. असं दोघांत काही खरं बोलणं होऊन किती वर्षं झाली होती.

महिना भरल्यावर ती कोरेगावहून परतली ती घरी न जाता आधी कवठे महांकाळकडं. मोटारस्टँडवरून पुढं रिक्षा, रिक्षापुढं पायवाट, माळावर घर. अंकिता कोकरांना पाला टाकत होती. हनुवटीवर वण. रेश्मानं मायलेकींपुढं बसून सगळं सांगितलं, चूक माझी होती, पोरीत दम आहे, दम नव्हता तो माझ्यात. हरणाबाईनं ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाली, "माझ्याम्होरं सांगून काय उपेग, बाई? ज्यांनी बघितलं त्यांच्याम्होरं सांगा. सांगणार असाल तर पाठवते." बाईनं बरोबर मर्मावर बोट ठेवलं होतं, आणि रेश्माला त्याचा राग न येता आधार वाटला.

सोमवारी पोरी रांगेत उभ्या होत्या. दुसऱ्या रांगेत अंकिता, काल संध्याकाळीच आलेली. रील काढून टाकल्याचं रेश्माला विश्वजितनं सांगितलं नव्हतं, अंकितानं सांगितलं. मैदानाच्या कडेला स्टँडच्या तीन पायांच्या खुणा तेवढ्या मातीत होत्या आणि विश्वजित तिथंच हात मागं बांधून उभा होता, हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. गोळी चालू होती, डॉक्टरांनी अजून सोडायला सांगितली नव्हती. ती बोलली, फार नाही बोलली. त्या सोमवारी मी तुमची परीक्षा घेत नव्हते, मी विसरले होते. अंकिता पडली ती कमजोर म्हणून नाही, मी तिला उभं राहायला नीट शिकवलं नाही म्हणून. मला बरं नव्हतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. पोरींनी एकमेकींकडं बघितलं नाही, शिस्तीत होत्या ना, पण रांगेतून काहीतरी सरकत गेल्याचं तिला दिसलं. मग ती म्हणाली, बूट काढा. मोजे पण. पोरी गोंधळल्या, पण हुकूम म्हणजे हुकूम, सगळ्या मातीत अनवाणी उभ्या राहिल्या. सावधान. गुडघे जरा ढिले सोडा, कुणाला दिसणार नाही एवढे. आणि आता पायाची बोटं हलवा. तोंडं दगडासारखीच ठेवा, बोटं हलवा. सकाळच्या उन्हात, गिरणीच्या सावलीच्या कडेनं, त्या सगळ्या पायांची बोटं लालसर मातीत वळवळायला लागली, आणि मागच्या रांगेत कुणालातरी हसू फुटलं आणि दाबलंही गेलं. अंकिताची हलत नव्हती. ती श्वास धरून ताठ, तोंड पांढरं, हनुवटीचा वण ताणलेला, या वेळी पडायचं नाही म्हणून मुठी आवळलेल्या. रेश्मा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. घाई केली नाही. सरी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा दिला. मग अंगठा हलला, मग शेजारचं बोट. अंकिताच्या छातीतून श्वास सुटला तो रेश्माला ऐकू आला. तेवढ्यात अंकिताची नजर खाली गेली, रेश्माच्या पायांकडं, आणि तिथंच राहिली. हुकमात उभ्या असलेल्या पोरीनं बोलायचं नसतं. पण ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी बूट काढला न्हाई." रेश्मानं खाली बघितलं. दुहेरी गाठी, पहाटेच्या अंधारात सवयीनं आवळलेल्या. सोडवायला वेळ लागणार होता, खाली बसावं लागणार होतं, सगळ्या पोरींच्या देखत. तिनं आधी रांगांकडं वळून मोठ्यानं विश्राम दिला, सगळ्या पोरी सैल झाल्याची खात्री केली, आणि मग मातीत बसून ती गाठ सोडायला लागली.